ताकदीच्या गोळ्या

"पाठीत एवढी मोठी सुई घातलीत, आणि सापडलं काय? काहीच नाही?"

सोफे शिवणारा चिडून कुशीवर वळायला गेला आणि कळ येऊन अर्ध्यातच थांबला. पाठीचं ऑपरेशन झाल्यावर तो चांगला होता. दुकानात बसून कारागिरांवर ओरडण्याइतका चांगला. मग दुखणं परतलं. सगळे म्हणाले, चालायचंच. स्कॅनमध्ये मात्र दोन मणक्यांमधली चकती सुजलेली आणि हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या.

"जंतुसंसर्गच आहे. क्वचित होतो," तरुण डॉक्टरीण म्हणाली. "पण जंतू कोणता ते कळल्याशिवाय नेमकं औषध कसं देऊ? सुईच्या आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का?"

"छे! फक्त ताकदीच्या गोळ्या. ही देते त्या."

बायको खिडकीबाहेर बघू लागली.

"कसल्या गं त्या?"

"माझी दाढ काढली तेव्हाच्या उरलेल्या," ती पुटपुटली. "कणकण होती तुम्हाला. औषध म्हटलं की तुम्ही तोंड मिटून बसता."

"आणि मी सगळ्यांना सांगतोय, ताकद आली म्हणून!"

डॉक्टरीण हसली नाही. "अर्ध्यामुर्ध्या औषधाने जंतू मरत नाही, दडून बसतो. आता सगळी अँटिबायोटिक्स बंद. त्याला डोकं वर काढू दे, मग पुन्हा सुई. तोवर नसांवर दाब येत नाही ना, म्हणून पायातला जोर रोज बघू. तो कमी झाला, तर मात्र वाट बघायची नाही. लगेच ऑपरेशन."

रोज सकाळी ती त्याच्या तळव्याला हात लावून म्हणे, "ढकला." तो दात आवळून ढकली. पायथ्याशी उभी बायकोही आपल्या चपलेत बोटं रोवून ढकलत असे.

पुन्हा सुई घालून काढलेला नमुना प्रयोगशाळेने नेहमीपेक्षा जास्त दिवस उबेत ठेवला. अखेर डॉक्टरीण जवळजवळ धावतच आली. "सापडला! कातडीवर राहणारा, अगदी आळशी जंतू. सावकाश वाढतो. पण याच्यावर औषध आहे."

"आळशी? मग आमच्या दुकानातलाच असणार," तो म्हणाला. बायको हसता हसता रडली.

सलाइनमधून औषध सुरू झालं. ताप उतरला, मग हळूहळू कळा. एका दुपारी त्याने पाय खाली सोडले. बायकोने कोपर धरलं.

"सोड."

"पडाल."

"पडलो तर धर. आधी सोड."

तिने सोडलं. हात मात्र कोपराखाली तसाच ठेवला, न टेकवता. तो उभा राहिला.