लाँड्रीच्या गाडीचं दार

या मित्रांनो, या. पाने आणि पकडी घटकाभर खाली ठेवा, हात पुसा आणि माझ्याभोवती गोल करून उभे राहा. तुमचे सर चहाला गेले आहेत, तोवर एक गोष्ट सांगते. खरी सांगते. खोटं बोलून मला आता काय मिळवायचं आहे? माझी चारही चाकं तुम्ही काढून भिंतीला टेकवून ठेवली आहेत. पळून जाईन म्हटलं तरी जमायचं नाही.

मी एक जुनी गाडी आहे. तुम्ही मला 'वर्कशॉपमधला सांगाडा' म्हणता. म्हणा, मला राग नाही. पण एके काळी माझा रंग सायीसारखा होता आणि माझ्या पत्र्यात तोंड बघून माणसं भांग पाडत. कारखान्यात मी पत्र्याची झाले, रंगाने न्हाले, आणि शेवटी एका कामगार बाईने माझ्या टपावरून फडकं फिरवून म्हटलं, "जा बाई, सुखाने नांद." लेक सासरी जावी तशी मी निघाले.

देवाने सासर चांगलं दिलं. माझे मालक लाँड्रीवाले होते. घरी आणल्याबरोबर त्यांनी माझी मागची बैठक काढली. मला वाटलं, झालं, आल्या आल्या हातपाय तोडायला लागले! पण तिथे धुतलेल्या कपड्यांची गाठोडी ठेवायची होती. ती बैठक दुकानात भिंतीशी मांडली गेली आणि गिऱ्हाइकं तिच्यावर बसून गप्पा मारू लागली. म्हणजे मी अर्धी रस्त्यावर, अर्धी दुकानात.

मालक आत वाफेत असत. धुणं, खळ, इस्त्री हे त्यांचं राज्य. कपडे गोळा करणं आणि पोहोचवणं हे मालकीणबाईंचं. रोज सकाळी त्या मला घेऊन निघत. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलाचे टेबलक्लॉथ, वसतिगृहातले अभ्रे, न्हाव्याचे टॉवेल. गरम कापसाचा आणि साबणाचा असा वास माझ्या पोटात भरलेला असे की मित्रांनो, सिग्नलला शेजारी उभी राहणारी माणसं काच खाली करून श्वास घेत. कुणाच्या आजारपणात, कुणाच्या जेवणावळीत, कुणाच्या झोपेत आपण स्वच्छ होऊन पोहोचतो, याहून मोठं पुण्य गाडीला काय हवं?

आणि सुट्टीच्या दिवशी मालक माझे. दुकानासमोर मला उभी करून ते रेडिओवर कीर्तन लावत, बाह्या सरसावत आणि मला पुसायला घेत. ऑइल बदलत, प्लग साफ करत, बंपर असा चमकवत की शेजारचं मांजर त्यात स्वतःला बघून फिस्कारायचं. एकदा रेडिओवरचे बुवा रंगात येऊन सांगत होते, "रथाला सोनं मढवलंत, घोड्यांना झुली घातल्यात, पण त्या सारथ्याला तहान लागली आहे का, विचारलंत का हो कुणी?" मालकांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा, बुवा, वा!" म्हणाले आणि पुन्हा बंपर घासू लागले.

वर्षं गेली. माझं इंजिन खणखणीत राहिलं, पण बाकीचं शरीर थकत चाललं. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार बिजागरीतून खाली उतरलं. ते लावायचं तर खांद्याने वर उचलावं लागे आणि मग धक्का द्यावा लागे. स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं. सीट मागच्या खाचेत अडकून बसली, ती पुढे येईना. मालकीणबाई बुटक्या. त्यांनी पाठीमागे एक उशी खोचली. क्लच दाबायला पाऊल पुरेना, तर जाड तळव्याची चप्पल घातली. एकेका दुखण्यावर त्यांनी एकेक युक्ती काढली, आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

दुकानाच्या कोपऱ्यावर गॅरेजवाले काका होते. ते महिन्या-दोन महिन्यांनी येत, मालक माझं बॉनेट उघडत आणि दोघं आत डोकं घालून उभे राहत. काका म्हणत, "ऐका, ऐका, कसं बोलतंय! नवसाचं पोर आहे तुमचं. हिला विकाल तर पाप लागेल."

"विकतोय कोण?" मालक म्हणत. फुगून कसे लाल व्हायचे तुम्हाला सांगते!

मित्रांनो, माझं बॉनेट उघडून सगळे बघत. दार उघडून कुणी बघत नव्हतं.

मग इस्पितळाने नवा मजला बांधला आणि चादरी दुपटीने वाढल्या. आता मला मोठ्या दुरुस्तीला काढायची की नवी गाडी घ्यायची, हा प्रश्न उभा राहिला. मालकांची थोरली बहीण त्या दिवशी दुकानात आली होती. बाई जिभेची तिखट, मनाची लोणी. ती माझ्याच त्या जुन्या बैठकीवर बसून म्हणाली, "अरे, किती दिवस या डब्याला कवटाळून बसणार आहेस?"

"डबा म्हणू नकोस, ताई."

"मग काय म्हणू, विमान? अगं वहिनी, ही तुझी सवत आहे हो. तुझ्याकडे कधी इतक्या प्रेमाने बघितलंय का याने?"

मालकीणबाई चादरींच्या घड्या घालत होत्या. हसून म्हणाल्या, "सवत असली तरी गाठोडी वाहते ना, ताई. मी कशाला बोलू?"

तेवढ्यात आलेले काका म्हणाले, इंजिन खोलू, सगळं नवं बसवू. ताई म्हणाली, त्यापेक्षा नवी घ्या. काका म्हणाले, नव्या गाड्या म्हणजे नुसता कागद. ताई म्हणाली, नाहीतर तुमचं पोट कसं भरणार, तुम्ही असंच म्हणणार! असा वाद रंगला की आत इस्त्री तापून तापून एका टॉवेलाचा जीव गेला. मालकांनी हात वर केला. "ठरलं. जुनं ते सोनं. इंजिन नवंकोरं करू, वर रंग देऊ. काय गं, बरोबर ना?"

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या.

त्या 'बरं'चं वजन फक्त मला ठाऊक होतं. कारण गेले कित्येक दिवस फेरी संपली की त्या लगेच उतरत नसत. डाव्या हाताने उजवा खांदा चोळत माझ्यातच बसून राहत. वेणी घालताना हात वर जाईनासा झाला होता. फळीवरचा डबा काढायला त्या स्टूल घेऊ लागल्या होत्या. तो खांदा माझ्या दाराने आणि माझ्या स्टिअरिंगने खाल्ला होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, "मालक, माझं इंजिन राहू द्या हो! हिच्याकडे बघा!" पण गाडीला देवाने हॉर्न दिला, वाचा दिली नाही.

इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी एक अरुंद वळण आहे. त्या आठवड्यात तिथे वळताना मालकीणबाईंच्या हातातली ताकदच गेली. स्टिअरिंग अर्ध्यावर थांबलं, मी पदपथावर चढले आणि फुलांच्या कुंड्यांना जाऊन टेकले. दोन कुंड्या फुटल्या. माणूस कुणी मध्ये नव्हतं, ही देवाची कृपा.

मालक धावत आले ते ओल्या एप्रनसह. माझ्या बंपरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, तसेच आत डॉक्टरांकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्यावरून असे निघून गेले. खरं सांगते मित्रांनो, मला फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला. "खांदा आखडत चाललाय. असंच ओढत राहिलात तर कायमचा जाईल," म्हणाले.

"गाठोडी जड झाली असतील," मालक म्हणाले. "मी हलकी बांधतो. आणि तू बरी होईपर्यंत फेरी मी मारतो. आपली गाडी काय, लोण्यासारखी चालते!"

दुसऱ्या दिवशी लोण्याची चव कळली.

पहिलं म्हणजे दार लागेना. मालकांनी आपटलं, पुन्हा आपटलं, शेवटी एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने मला हाकलं. इस्पितळाच्या फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "अहो साहेब, तसं नाही लागायचं ते! खांद्याने वर उचला. आता ढकला. हां! बाई रोज तसंच लावतात. दिवसातून किती वेळा, देव जाणे."

हॉटेलापाशी आचारी खिडकीतून ओरडला, "इथे सपाटीला नका लावू! स्टार्टर दमलाय, निघताना सुरू व्हायची नाही. बाई उताराला तोंड करून लावतात." मालकांनी ऐकलं नाही. मी सुरूच झाले नाही. मग आचारी, भांडी घासणारे दोघं आणि एक पाहुणा, सगळ्यांनी मिळून मला ढकललं.

न्हावी तर वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. "थांबा, वळवून देतो. बाई आल्या की स्टिअरिंग मीच फिरवून देतो. त्यांचा हात दुखतो ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दिसतं की!"

मालकांनी टॉवेलांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. पुढच्या रस्त्यावर स्वतःशीच पुटपुटले, "माझ्या गाडीची कुंडली अख्ख्या गावाला पाठ, आणि मी एकटा कोरा!"

परत आले तेव्हा त्यांचा स्वतःचा खांदा ठणकत होता. दुकानासमोर मला उभी केली, पण उतरले नाहीत. पाठीला काही टोचतंय म्हणून त्यांनी मागे हात घातला आणि ती उशी निघाली. तिच्या अभ्र्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता. कधीतरी त्यांच्याच हातून भाजलेला अभ्रा. गिऱ्हाइकाने परत केला होता. मालकीणबाईंनी तो टाकला नव्हता, आणि त्यावरून मालकांना कधी टोमणाही मारला नव्हता.

मालकीणबाई गळ्यात हात बांधलेल्या बाहेर आल्या. "अहो, बसलात काय? चहा निवतोय."

"तू सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"हे. दार. हे स्टिअरिंगचं जातं. ही उशी."

त्यांनी उशी हातात घेतली. "विचारलंत का कधी? तुम्ही विचारायचात, गाडी कशी आहे. मी म्हणायचे, बरी आहे. आणि सुट्टीला तुम्ही हिला पुसत असता ना, तेव्हा तुमचा चेहरा लहान पोरासारखा होतो. तो कशाला मोडायचा?"

"आणि खांदा मोडला तर चालेल?"

"रागवू नका."

"मी तुझ्यावर नाही गं रागावलो," मालक म्हणाले. "चालवतेस तू. आता तूच सांग. दुरुस्त करू की नवी घेऊ? तू म्हणशील ते."

मित्रांनो, माझा श्वास अडकला. श्वास नसला तरी अडकला.

मालकीणबाईंनी माझ्या टपावर हात ठेवला. म्हणाल्या, "हिच्यावर माझाही जीव आहे. पण विचारलंतच म्हणून सांगते. मला नवी हवी."

"ठरलं," मालक म्हणाले. या वेळचं 'ठरलं' हळू होतं, पण खरं होतं.

नवी गाडी बघायला ते मलाच घेऊन गेले. शोरूमच्या काचेबाहेर मी उभी होते. विक्रेता मालकांना इंजिन समजावू लागला. मालकांनी त्याला हळूच मालकीणबाईंकडे वळवलं. "त्यांना सांगा. चालवणार त्या." मालकीणबाई आत बसल्या. सीट पुढे घेतली, ती आली. दार ओढलं, ते नुसत्या करंगळीने लागलं. त्यांनी ते उघडलं आणि पुन्हा करंगळीने लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आणि हसायला लागल्या. विक्रेता घाबरला, "बाई, काही बिघडलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही हो. म्हणूनच." काचेच्या अलीकडे, माझ्याजवळ येऊन, मालक पाठ फिरवून चष्मा पुसत होते.

काका माझे सुटे भाग करून विकायला मागत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "माणसं देहदान करतात ना, मग हिने का नको? मुलं शिकतील." तशी मी इथे आले. बरा झालेला हात घेऊन शेवटची फेरी त्यांनीच मारली. मालक निघताना फडकं शोधू लागले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. आजपासून हिला काळे हात लागू देत. ते शिकणारे हात आहेत."

मी दुःखी नाही, मित्रांनो. जुनं जपावं, जरूर जपावं. पण जपणं म्हणजे चमकवणं नव्हे. वस्तू ज्याच्या हाताखाली झिजते, तो माणूसही तिच्याबरोबर झिजत असतो. त्याला आधी जपा. तो सुखात असेल तर गाडी पन्नास वर्षं ठेवा. नसेल, तर तिला हसतमुखाने निरोप द्या. ती रागावणार नाही, मी सांगते ना.

तुमचे सर येताना दिसताहेत. जाता जाता एक मागते. उद्या तुम्ही मोठे मिस्त्री व्हाल. एखादा भला माणूस अभिमानाने बॉनेट उघडून तुम्हाला इंजिन ऐकवेल. ऐका, तारीफ करा, प्रेमाचा मान ठेवा. मग हळूच विचारा, "ही रोज चालवतं कोण?" जे कोणी असेल त्याला बोलवा, बसवा, कुठे दुखतं ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कारण काही माणसं आधी 'बरं आहे' असंच म्हणतात. त्या वेळी माझी नाही केलीत तरी चालेल, पण माझ्या मालकीणबाईंची आठवण करा.