अंगभर आरसा

ममताच्या शिलाईला आर्णीत कुणी नावं ठेवत नसे. नावं ठेवली जायची ती तिच्या आरशाला. समोरच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या दाराला पाटीएवढा आरसा. ब्लाउज घालून बाई पुढे उभी राहिली की तिला गळा दिसे, बाह्या दिसत, आणि तिथेच आरसा संपे. कंबरेत कसा बसला, साडीवर कसा दिसतो, हे पाहायचं तर स्टुलावर चढा. बायका कुरकुरत चढायच्या. एक दिवस नंदाबाई चढल्या, पाठ पाहायला म्हणून मान वळवली आणि स्टूल कलंडलं. पडता पडता त्यांनी कपाटाचं दार धरलं, दारासकट अर्ध्या फिरल्या आणि थेट शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. लागलं कुठेच नाही. पण संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं, की ममताकडे ब्लाउज घालून पाहायचा तर हातपाय सांभाळून जावं.

"आता बस झालं," ममता नवऱ्याला म्हणाली. "मले अंगभर आरसा पाह्यजे. खाली जमिनीवर उभा राहनारा. डोक्यापासून पायापर्यंत बाई दिसली पाह्यजे."

"आनू ना," भीमराज म्हणाला. "मी कवा नाही म्हनलं?"

हेच तर दुखणं होतं. भीमराज कशालाच नाही म्हणत नसे. बियाणं-खताच्या दुकानात तो कामाला होता. दिवसभर लोक त्याच्यासमोर एका वाणाची दुसऱ्याशी तुलना करत बसत, आणि ती खोड शेवटी त्यालाच जडली होती. कुकरची शिट्टी आणायची तरी चार दुकानं फिरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मिक्सर घ्यायचा ठरला तो पोळ्याला, आणि दिवाळीची चटणीसुद्धा पाट्यावरच वाटली गेली.

आरशाचंही तेच झालं. रोज जेवताना तो मोबाइल पुढे करी.

"हा पाह्य, लाकडी चौकट. पन याले चाकं हायेत. आन् हा सगळ्यात स्वस्त हाये, पन लोकायनं याले चांगलं म्हनलं नाही."

"कोनताबी घ्या."

"कोनताबी कसा घ्यायचा? नीट पाहून घ्या लागते."

"तुमी पाहून राह्यले तवर गावातले सगळे लग्नं होऊन जातीन!"

आतल्या खोलीतून सासू पंचफुलाबाईंचा आवाज आला, "बायको पाह्यतानीबी त्यानं असंच केलतं. चार गावं पाह्यले, मंग तू."

शेवटी एकदाचा भीमराजनं आरसा मागवला. खोका दारात आला आणि तो उचलतानाच ममताच्या मनात पाल चुकचुकली. एवढा मोठा आरसा, आणि एका हातानं उचलला जातो? उघडून पाहिलं तर आत काच नव्हतीच. पातळ चौकटीत ताणून बसवलेलं चकचकीत प्लास्टिक होतं.

"फुटायची भानगडच नाही," भीमराज खूश होऊन म्हणाला. "आन् भाव आइकशीन त—"

"नका सांगू."

तरीपण भिंतीला टेकवून उभा केल्यावर तो बरा दिसला. खोलीत उजेड वाढल्यासारखा वाटला. बाई खरोखरच पायापर्यंत दिसत होती. ममतानं राग गिळला आणि कामाला लागली.

त्याच आठवड्यात विमलताई आल्या. जवळच्याच गावात त्यांची कापसाची, तुरीची मोठी शेती; थोरली मुलगी वैष्णवी हिचं लग्न ठरलेलं. शालूवरचा ब्लाउज त्यांनी विश्वासानं ममताकडे टाकला होता. वैष्णवी तो घालून नव्या आरशापुढे उभी राहिली, आणि विमलताईंच्या कपाळाला आठी पडली.

"ममता, ही उजवी बाही फुगली वो."

ममतानं टेप लावला. दोन्ही बाह्या अगदी सारख्या होत्या. "मापात बरोबर हाये ताई."

"माप ठेव बाजूले. डोळ्यानं दिसून राह्यलं ना!"

दिसत तर होतंच. आरशात उजवी बाही फुगलेली होती, कंबरेची शिवणही तिरकी चालली होती. ममताला आपल्याच हातांची शंका आली. एवढी वर्षं शिवते आहे, पण नजर चुकली असेल एखाद्या वेळी. तिनं जरीचा काठ लावलेली ती बाही जीव मुठीत धरून उसवली, आत घेतली, कंबरेची शिवण सारखी केली. मग आरशात सगळं छान दिसलं. मायलेकी समाधानानं गेल्या.

दुसऱ्या दिवशी वैष्णवीचा फोन आला. पोरगी रडत होती.

"काकू, घरच्या आरशात एक बाही घट्ट दिसून राह्यली. फोटोतबी तसंच दिसते. कंबरबी वाकडी झाली."

मग विमलताईंनी फोन घेतला. त्या काय काय बोलल्या ते ममतानं नंतर कुणाला सांगितलं नाही.

फोन ठेवून ती आरशापुढे जाऊन उभी राहिली. एक पाऊल डावीकडे सरकली तर तोंड लांबलं. उजवीकडे सरकली तर खांदा सुजला. तिनं गळ्यातला टेप काढला, दोन्ही हातांनी ताणून आरशापुढे धरला. हातातला टेप सरळ होता. आरशातला मात्र नदीसारखी वळणं घेत चालला होता. म्हणजे ब्लाउज चांगला होता! चांगला शिवलेला ब्लाउज तिनं या वाकड्या आरशाच्या नादी लागून स्वतःच्या हातानं बिघडवला होता. तिला इतका संताप आला, की आधी कुणावर चिडावं तेच सुचेना.

संध्याकाळी भीमराज आला. तिनं लगेच त्याला आरशापुढे उभं केलं आणि टेप धरून दाखवला.

"थोडासा वाकडा हाये," तो म्हणाला.

"थोडासा?"

"पन चेहरा त बरोबर दिसते."

"ब्लाउज काय चेहऱ्यावर घालतेत?"

पंचफुलाबाई दारातून म्हणाल्या, "परवा मले त्याच्यात दोन हनुवट्या दिसल्या. मले वाटलं मोतीबिंदू आला."

रविवारी दोघं मोटारसायकलवर यवतमाळला निघाले. "आरसा मी निवडीन," ममतानं आधीच बजावलं होतं. "तुमी फक्त गाडी चालवा."

पहिल्याच दुकानात तिला हवा तो आरसा मिळाला. सागवानी वगैरे काही नाही, साधी चौकट, मागे टेकू, पण काच जाड. तिनं टेप उभा धरला, आडवा धरला. कुठेही वळण नाही. भावही त्यांना झेपेल असा होता. "हाच," ती म्हणाली.

"चांगला हाये," भीमराज म्हणाला. "पन आनखी एक दुकान पाहू."

एकाची तीन झाली. एका ठिकाणी काच चांगली, पण चौकट हलत होती. एका ठिकाणी आरसा असा महाग, की भीमराज स्वतःच पायऱ्या उतरून खाली आला. तिसऱ्या दुकानात पुन्हा तेच चकचकीत प्लास्टिक, आणि भीमराज त्याचा भाव विचारत होता. ममतानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. भर उन्हात ती चालत चालत पहिल्या दुकानात परत आली, तिथल्या स्टुलावर बसली आणि दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, हा आरसा बांधा. मी आता आरसा घेतल्याबिगर इथून उठत नाही."

भीमराज धापा टाकत आला तोवर आरशाला पुठ्ठा बांधून झाला होता.

"संध्याकाळी आमचा छोटा हत्ती टेम्पो आर्णीकडं जाते," दुकानदार म्हणाला. "त्यात टाकून देतो."

"कायले?" भीमराज म्हणाला. "गाडीवर मावते. धर तू मांगं बसून."

ममता नको म्हणाली होती, हे तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं. पण त्या वेळी तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं. ती आरसा कवटाळून मागे बसली. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मोकळ्या रस्त्यावर वारा आरशावर आदळू लागला. गाडी कधी इकडे कले, कधी तिकडे. समोरून एक ट्रक भन्नाट वेगानं गेला, त्याच्या झोतासरशी गाडी डांबर सोडून कडेच्या मुरमात उतरली.

"थांबवा!" ममता ओरडली.

गाडी थांबली. ती उतरली, आरसा एका कडुनिंबाला टेकवून उभा केला. पुठ्ठा अर्धा घसरला होता.

"आता याले तुमी बसवा मांगं," ती म्हणाली. "मी बसनं येते."

"अवो, थोडंच राह्यलं—"

"थोडंच काहून? सगळंच राह्यलं! आर्णी कुठं आन् आपन कुठं! मले एक आरसा पाह्यजे होता. एक! त्याच्यासाठी गिऱ्हाईक गेलं, पोरीचा ब्लाउज गेला, आता मी जाऊन राह्यली होती ट्रकखाली!"

भीमराज उत्तर द्यायला वळला आणि आरशात त्याला दोघं दिसली. धुळीनं माखलेली, केस विस्कटलेले, ममताचं तोंड लाल. त्यानं खिशातून फोन काढला आणि दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, तुमचा छोटा हत्ती रस्त्यानं थांबवता का जरा?"

दोघं झाडाखाली बसून राहिली. शेतातून परतणारा एक म्हातारा आरशापुढे थांबला, टोपी नीट केली, मिशांवरून हात फिरवला आणि त्यांच्याकडे न पाहताच निघून गेला. भीमराजला हसू आलं. ममताला नाही आलं.

आरसा घरी धडका न खाता पोचला. मागच्या टेकूसकट तो मावेल अशी जागा मात्र समोरच्या खोलीत एकच होती आणि तिथे पंचफुलाबाईंची बाज होती. त्यांनी स्वतःच ती ओढून खिडकीखाली नेली. शिवणीत जास्तीचं कापड सोडायची ममताची सवय होती, म्हणून बाही पुन्हा सैल करता आली आणि वैष्णवीचा ब्लाउज वाचला. ती तो घालून नव्या आरशापुढे गोल फिरली. विमलताईंनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बाही ओढून पाहिली. "आता बसला," एवढंच म्हणाल्या. फोनवरच्या बोलण्याबद्दल शब्द काढला नाही. पण जाताना पत्रिका ठेवून गेल्या आणि "दोघंबी या" म्हणाल्या.

एका दुपारी खोलीत कुणी गिऱ्हाईक नव्हतं. ममता आत आली तर पंचफुलाबाई आरशापुढे उभ्या होत्या, खांद्यावरचा पदर बाजूला सारून.

"ममता, माह्या पाठीले पोक कवा आलं वं?"

ममताला पोक नव्हतं दिसत. तिला काखेत विरलेला, खांद्यावरून घसरलेला ब्लाउज दिसत होता. सासूची पाठ वाकली होती आणि ब्लाउजचं माप कितीतरी वर्षांपूर्वीचं होतं.

"आई, तुमी सांगतलं काहून नाही? मी शिवून देल्ला असता."

"तुले टाइम कुठं हाये."

ममतानं टेप घेतला. "हात वर करा."

"वर केला त खांदा दुखते. आन् बाही कोपराच्या खाली पाह्यजे. गळा लहान. काखेत घट्ट नको. मांगून उचलला नाही पाह्यजे. हुक समोर, पन सैल नको बसवू. आन् आतून खिसा. लहान नको, मोबाइल मावला पाह्यजे. रंग मी निवडीन, त्या भीमराजले इचारू नको—"

भीमराज कुणावर गेलाय ते ममताला आता कळलं, पण तोवर तिनं टाचण्या तोंडात धरल्या होत्या.