पुकाऱ्याला ओ देणारा माइक

मी एक जुना माइक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्यासारखा प्रामाणिक माइक अख्ख्या पुण्यात नाही. माझ्यासमोर जे बोललं जातं तेच कर्ण्यातून बाहेर पडतं. कमी नाही, जास्त नाही. कुणीही न बोललेला शब्द मी आयुष्यात बाहेर काढलेला नाही.

एकदा सोडून. त्या एकदाचीच गोष्ट सांगायला बसलोय, मित्रांनो.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. तिथून मला हडपसरच्या कोंडीरामने आणलं. कोंडीराम मांडव आणि स्पीकर भाड्याने द्यायचा. त्याच्याकडे मी बारशी केली, लग्नं केली, शाळांची गॅदरिंग केली. माणसांनी मला हातात घेतलं की ती आधी डोक्यावर टपली मारतात, मग तोंडावर फुंकर घालतात. पण आवाज असा खणखणीत यायचा, की लोक म्हणायचे, माइक आणायचा तर कोंडीरामचाच. मी फुगायचो. चांगले दिवस होते.

तेव्हा हिंजवडीच्या शेतात काचेच्या इमारती उगवत होत्या. कॉम्प्युटरवाल्या परदेशी पाहुण्यांची ने-आण करायला एक नवी विमान कंपनी निघाली होती. तिच्याकडे एकच छोटं विमान होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी ते पुण्यात पोचलेल्या पाहुण्यांचं मुंबईत राहिलेलं सामान घेऊन आलं, आणि धुक्यात मांजरी गावच्या उसात कोसळलं. आत कॅप्टन अनिरुद्ध साळवे एकटेच होते. ते गेले.

पेपरांत ओरड झाली आणि सरकारने जाहीर चौकशी नेमली. जाहीर चौकशी म्हणजे कुणालाही येऊन बसता आलं पाहिजे, असं कायद्यात आहे. एवढी मोठी खोली कोर्टात रिकामी नव्हती. म्हणून चौकशी आली हडपसरच्या मंगल कार्यालयात, आणि माइक अर्थातच कोंडीरामचा.

चौकशीचे न्यायमूर्ती नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना विमानं कळणारे दोन सल्लागार बसले, करवल्यांसारखे. मागच्या भिंतीवर थर्मोकोलची ‘शुभविवाह’ अशी अक्षरं होती. ती काढायची परवानगी मालकाने दिली नाही, पुढच्या रविवारी तारीख होती. ज्याला अपघाताबद्दल काही माहिती असेल त्याने पुढे यावं, अशी जाहीर सूचना निघाली होती. पहिल्या दिवशी जे गृहस्थ पुढे आले, त्यांनी शपथ घेऊन खडकवासल्याचं पाणी त्यांच्या सोसायटीला का येत नाही ते सविस्तर सांगितलं. तेही लिहून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या कर्ण्यातून खरखर यायला लागली. मधेच कुणीतरी इंग्रजीत पुटपुटायचं. कोंडीरामने सांगितलं, की लोहगावचा विमानतळ जवळ, वायर लांब, त्यामुळे माइक विमानांचं बोलणं पकडतो. सल्लागारांनी माना डोलावल्या. मला मात्र ते पटलं नाही. मी दहा वर्षं त्याच हॉलमध्ये लग्नं केली होती. एकाही लग्नात कधी विमान बोललं नव्हतं.

चौकशीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. विमानतळाच्या मनोऱ्याने कॅप्टनना, धुकं आहे, मुंबईला परत जा, असं सांगितलं होतं. कॅप्टन ‘बरं’ म्हणाले होते. मग थोड्या वेळाने मनोऱ्याला त्यांचे शेवटचे शब्द ऐकू आले, ‘से अगेन’. वैमानिकांच्या भाषेत याचा अर्थ, पुन्हा सांगा. ते कुणाला म्हणाले, ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि मग विमान खाली आलं.

कंपनीचं म्हणणं सोपं होतं. कॅप्टनने मनोऱ्याचं ऐकलं नाही, चूक त्याची. गेलेला माणूस उलटून बोलत नाही.

पण कायदा असा आहे, मित्रांनो, की ज्याच्यावर ठपका ठेवायचा त्याला आधी नोटीस द्यायची आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. म्हणून चौकशीच्या ऑफिसने कॅप्टन अनिरुद्ध साळवे यांना, समक्ष हजर राहावे, अशी नोटीस पाठवली. विश्रांतवाडीच्या घरच्या पत्त्यावर.

ती घेऊन त्यांच्या पत्नी आम्रपाली आल्या. टेलिफोन खात्यात नोकरी करणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी न्यायमूर्तींना एवढंच सांगितलं, “नोटीस माझ्या घरी आली. उत्तर द्यायला मी आले.”

कंपनीचे वकील उठले. नोटीस कॅप्टनच्या नावाची आहे, बाई विमानात नव्हत्या, त्यांना काय माहीत? पद्धतीप्रमाणे कॅप्टनचा तीनदा पुकारा करावा. ओ आली नाही तर गैरहजर लिहावं, म्हणजे त्यांना काही सांगायचं नाही असं धरता येईल. न्यायमूर्तींनी खूप वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, “पद्धत आहे खरी.”

आम्रपालीबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. तीन हाका, आणि नवऱ्याच्या नावावर डाग कायमचा.

त्या वेळी साक्षीदाराच्या खुर्चीत कंपनीचे भागीदार हिंदुराव होते. गावची जमीन बिल्डरला देऊन विमानांच्या धंद्यात उतरलेले. त्यांनी नुकतंच शपथेवर सांगितलं होतं, की त्या सकाळी कंपनीच्या ऑफिसातल्या, विमानाशी बोलायच्या वायरलेसला आपण हातसुद्धा लावला नाही. त्यांना उठायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ते तसेच बसून राहिले. आणि मी त्यांच्या तोंडासमोर, चालू.

बाबुराव शिपाई दारात गेले. त्यांचा आवाज असा, की त्यांना माझी गरज कधी लागली नाही.

“कॅप्टन अनिरुद्ध साळवे हाजिर हो!”

काही नाही. फक्त वरचे पंखे फिरत होते.

दुसऱ्या हाकेला खरखर आली. माझ्या जाळीला गार लागलं. धुक्यात ठेवल्यासारखं.

तिसऱ्या हाकेला कर्ण्यातून एक आवाज आला. शांत, जरा थकलेला.

“से अगेन.”

सगळ्यांच्या माना कर्ण्याकडे वळल्या. बाबुराव हुकमाचे ताबेदार. पुन्हा सांगा म्हटल्यावर त्यांनी पुन्हा पुकारा केला. पुन्हा उत्तर आलं, “से अगेन.” वकील म्हणाले, पुकारा तीनदाच करतात. न्यायमूर्ती म्हणाले, मध्ये ओ आली तर पहिल्यापासून मोजायचं, की नाही? याबद्दल कायद्यात काही नव्हतं. सल्लागार पुस्तक चाळायला लागले. तोवर बाबुराव ओरडत होते आणि आवाज तेवढंच म्हणत होता. हाक तीच, उत्तर तेच.

हिंदुरावांच्या कपाळावर घाम आला. मला तो दिसत होता, मी वीतभर अंतरावर होतो. प्रत्येक उत्तराला ते दचकत होते. आणि शेवटी, जसे त्या सकाळी वैतागले असतील तसेच वैतागले.

“कितीदा सांगू रं? उतर म्हनलं ना! सामान वेळंत पायजे, पाव्हणं तापल्यात!”

आणि मी माझं काम केलं. हे सगळ्यांना ऐकू गेलं. मागच्या रांगेत, बाहेर चपलांपाशी, रस्त्यापलीकडच्या रसवंतीतसुद्धा.

न्यायमूर्तींनी विचारलं, “हिंदुराव, हे तुम्ही कुणाला सांगितलंत?”

हिंदुरावांनी कर्ण्याकडे बोट केलं. “त्यो इचारतोय ना.”

“आणि त्या दिवशी कोणत्या वायरलेसवरून सांगितलंत?”

हिंदुरावांनी बोट खाली घेतलं. वकील खाली बसले.

आम्रपालीबाई उठल्या. “साहेब, लिहून घ्या. कॅप्टन साळवे, हजर.”

कर्ण्यातून परत काही आलं नाही.

कर्ण्यातला आवाज शपथेवरचा नव्हता, म्हणून तो पुरावा धरला नाही. हिंदुराव शपथेवर होते, त्यांचं बोलणं धरलं. अहवालात अपघाताचं कारण कंपनीचा दबाव असं आलं, आणि कॅप्टनच्या नावावरचा डाग गेला. कोंडीरामने त्या दुपारी कोणतं विमान बोलत होतं, याची लोहगावला चौकशी केली. कळलं, की तेव्हा धावपट्टी बंद होती. पांढरे पट्टे रंगवायचं काम चालू होतं.

त्या रविवारच्या लग्नाला नवरीकडच्यांनी दुसरा माइक आणला. मग सगळेच आणायला लागले. माझी वायर काढून कोंडीरामने आंघोळीच्या घंगाळाच्या तुटक्या कडीला बांधली. मी गोदामात सतरंज्यांखाली गेलो. जाळीत धूळ बसली, दांड्याला गंज चढला. हल्ली सगळे बिनवायरचे माइक वापरतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. टपल्या मारू नका, हातातून टाकू नका. आणि बोलायच्या आधी माझं बटण चालू आहे का बघा. कारण आम्ही ऐकतो तेव्हा सगळंच ऐकतो.

परवा कोंडीरामने मला भंगारात काढलं. भंगारवाल्याने मला उचललं, डोक्यावर टपली मारली आणि गमतीने म्हणाला, “हॅलो.” मला वायर नाही, कर्णाही नाही.

आवाज आला, “से अगेन.”

त्याने मला फरशीवर टाकलं. जाळी चेपली.