खिळ्यांचे टायर

टाउनोने हातमोजा काढून दातांत धरला आणि पिकअपच्या हौद्यात पडलेल्या जुन्या टायरवरून अंगठा फिरवला. बर्फावर पकड यावी म्हणून रबरात ठोकलेल्या खिळ्यांपैकी एकही बोटाला लागला नाही. मागच्या हिवाळ्यात चांगले टोचत होते, आता सगळे झिजून रबराच्या बरोबरीला आले होते. त्याने दुसरा टायर चाचपला, मग तिसरा. चौथ्याला हात लावण्यात काही अर्थ नव्हता, तरी लावला.

"बाबा, आत चला. वारा बघा किती सुटलाय," रित्वा म्हणाली.

तो हलला नाही, म्हणून तीही गॅरेजच्या दाराशी कॉलर वर करून उभी राहिली. एकुलती एक लेक. दोन दिवसांपूर्वी दक्षिणेतल्या हॅमिल्टनहून आली होती, तीही मनाशी सगळं ठरवून. तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात आईसाठी जागा मिळाली होती, बाबांसाठी तिने माडीवरची खोली रिकामी केली होती, आणि वृद्धाश्रमाला सोमवारी होकार कळवायचा होता. आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर तिने हे सगळं सांगून टाकलं. टाउनोने शांतपणे मासा संपवला, काटे ताटाच्या कडेला लावले आणि म्हणाला, "पिकअपला टायर घ्यायला हवेत." ना हो, ना नाही. रित्वाने मनात म्हटलं, ठीक आहे, पिकअप घेऊनच खाली दक्षिणेला उतरायचं तर टायर लागतीलच.

आत ही गर्दी होती. बर्फ पडणार असं रेडिओने सांगितलं की अख्ख्या गावाला एकाच दिवशी आपापले टायर आठवतात. गॅरेजवाला आर्मान रित्वाच्या वर्गातला. तिला बघून त्याने हॅमिल्टनच्या बाईसाहेबांना आमची कॉफी चालेल का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एक कप तिच्या हातात दिला. मग दोन नवे टायर घरंगळत आणून टाउनोपुढे उभे केले.

"काका, हा बिनखिळ्यांचा. रबर एवढं मऊ की कडाक्याच्या थंडीतही दगड होत नाही. बर्फावर चांगला धरतो आणि आवाज म्हणाल तर बिलकूल नाही. आणि ह्याला खिळ्यांसाठी भोकं आहेत. पण खिळे मारायचे तर आजच सांगा. एकदा का रस्त्यावर धावला की भोकांत खडी जाऊन बसते, मग मागाहून काही करता येत नाही."

"बिनखिळ्यांचेच दे," रित्वा म्हणाली. "खिळ्यांचे तिकडे चालत नाहीत."

हे तिघांनाही ठाऊक होतं. इथे उत्तरेत टायरला खिळे मारा नाहीतर साखळ्या बांधा, कोणी विचारत नाही. खाली दक्षिणेत तेच टायर घेऊन गेलं की पोलीस थांबवतात, तिकडचे रस्ते खराब होतात म्हणे. आर्मानने तिच्याकडे बघितलं, मग टाउनोकडे. तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने नुसती टायरवरची धूळ पुसली.

"खिळे मार," टाउनो म्हणाला.

"बाबा, तो सांगतोय ना, हेही बर्फावर चांगले आहेत म्हणून."

"ऐकलं मी."

"मग खिळे कशाला? म्हणजे आपण इथून हलायचं नाही, असंच ना?"

"मी टायरचं बोलतोय."

"मीसुद्धा टायरचंच बोलतेय."

रांगेतल्या दोघातिघांनी एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. आर्मान म्हणाला की तोवर गाडी जॅकवर चढवून उन्हाळ्याचे टायर उतरवतो, तुमचं काय ते ठरू द्या. रित्वाने कॉफी तशीच ठेवली आणि त्याच्या मागोमाग गेली. बाबांच्या समोर बसून राहिली असती तर काहीतरी बोलून गेली असती, आणि ते तिला परत घेता आलं नसतं.

तिला राग होता तो ह्याचा, की ह्या माणसाशी भांडताच येत नाही. काल ती दोघं आईला तिच्या आत्ताच्या वृद्धाश्रमात भेटून आली. सरोवराच्या काठाकाठाने तासाभराचा रस्ता, चढ, उतार, आंधळी वळणं. हा रस्ता हा म्हातारा रोज तुडवतो. आणि तिथे पोचल्यावर आई खुर्चीत बसलेली, तोंड खिडकीकडे. बाबा दारात उभे राहिले तेव्हा तिने वळून अगदी सभ्यपणे विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" बाबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "बसू का जरा?" नंतर व्हरांड्यात नर्स म्हणाली होती की थंडी पडू द्या, हिवाळ्यात बाईंची तब्येत खुलते. लोक काहीतरी बरं बोलायचं म्हणून बोलतात, असं रित्वाला वाटलं होतं. जी बाई नवऱ्याला ओळखत नाही, तिच्यासाठी ह्या रस्त्यावर जीव धोक्यात घालायचा? ती हे मोठ्याने म्हणाली नव्हती, पण तिच्या मनात आलं होतं, आणि आल्याची तिला लाज वाटली होती.

पिकअप वर चढली. पुढच्या डाव्या चाकापाशी येऊन रित्वा थांबली. टायर आणि लोखंडी चकती यांच्या फटीत वाळलेलं गवत दाबून बसलं होतं, मुळांसकट, मातीसकट. खालच्या पत्र्याला एक लांब नवा ओरखडा होता. तिने गवताचा झुपका ओढून काढला.

"आर्मान, हे काय?"

आर्मानला नेमकं तेव्हाच एक नट सापडेना.

"गाडी खड्ड्यात गेली होती? आर्मान, तुला विचारतेय मी."

"काकांनाच विचार ना," तो म्हणाला. "मी फक्त ओढून काढली."

ती गवत मुठीत धरून परत आली आणि ते बाबांच्या समोर, कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं. टाउनोने ते बघितलं. टेबलावर सांडलेली माती त्याने तळहाताने एका बाजूला गोळा केली.

"मागच्या आठवड्यात," तो म्हणाला. "येताना. रस्ता कोरडा होता. डोळा लागला."

"डोळा लागला? त्या बाजूला सरोवर आहे, बाबा."

"ह्या बाजूला गेलो."

रित्वाला रडू फुटणार होतं, त्याऐवजी आवाज चढला. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात तर मला कोण फोन करणार, आर्मान? टाउनो ऐकत राहिला.  ती दमून थांबली तेव्हा तो उठला, गॅरेजच्या आतल्या दारापाशी गेला आणि आर्मानला म्हणाला,

"बिनखिळ्यांचे लाव."

आर्मान हातात पाना धरून उभाच राहिला. "नक्की ना, काका?"

"पोरगी म्हणते ते बरोबर आहे. लाव."

रित्वा जिंकली होती. ह्याचसाठी ती सुट्टी टाकून आली होती. बाबांची पाठ तिला दिसत होती, कोटाच्या आत कोणीतरी लहान माणूस घातल्यासारखी. तिला आनंद झाला नाही.

तेवढ्यात बाहेरून एक लाकूडवाला आपली पिकअप घेऊन आवारात शिरला. त्याने घाईने खिळ्यांचे टायर आधीच चढवले होते. सिमेंटच्या चढावर खिळे वाजत आले, टकटक, टकटक, फरशीवर कोणी वाटाणे सांडावेत तसे. टाउनोने मान वर केली. गाडी थांबली, आवाज थांबला, तरी तो त्या दिशेला बघत राहिला.

"हा आवाज आला की ती उठते," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळत नव्हतं. "तिच्या आश्रमाच्या अंगणात सिमेंट आहे. मी फाटकातून आत आलो की उठते, केस सारखे करते, खिडकीत येऊन उभी राहते. मला हात करते. दारात गेल्यावर ओळखते असं नाही. पण तोवर ओळखते."

नर्स काय म्हणाली होती ते रित्वाला आत्ता कळलं. उन्हाळाभर हा माणूस रोज तासभर गाडी हाकून 'कोण पाहिजे?' हे ऐकायला जात होता, आणि बर्फाची वाट बघत होता. आणि खाली दक्षिणेत तो आवाज कधीच येणार नव्हता, कायद्यानेच.

 मग तिने दोन टायरांपैकी भोकांच्या टायरला बुटाने ढोसलं.

"आर्मान, ह्यांना खिळे मार."

"आता काय खरं समजू?"

"मी सांगते ते. आणि बाबा, गाडी मी चालवणार."

टाउनोने तिच्याकडे बघितलं. किती दिवस, हे त्याने विचारलं नाही. तिलाही ते सांगता आलं नसतं. त्याने आर्मानकडून किल्ली मागून घेतली, क्षणभर मुठीत धरली आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवली.

दुपारी निघाले तेव्हा भुरभुर बर्फ सुरू झाला होता. टाउनो शेजारच्या सीटवर बसला होता, मांडीवर कापडात बांधलेला वेलदोड्याचा गोड पाव, बायकोच्या, इर्याच्या, आवडीचा. स्वतःच्या पिकअपमध्ये ह्या बाजूला तो कधी बसला नव्हता, पट्टा कुठून ओढायचा हेही त्याला शोधावं लागलं. हळू घे, नवे खिळे बसायला वेळ लागतो, एवढंच तो एकदा म्हणाला. एका वळणावर गवत चिरडलेलं दिसलं. दोघांनीही ते पाहिलं.

आईच्या वृद्धाश्रमाच्या फाटकातून आत वळल्याबरोबर खिळे सिमेंटवर वाजू लागले. रित्वाने वेग अगदी कमी केला. खिडकीतली खुर्ची हलली. आई उठली. तिने दोन्ही हातांनी केस मागे सारले, काचेजवळ आली, आणि तिचा चेहरा असा उजळला की रित्वाला लहानपणचं स्वयंपाकघर आठवलं, कामावरून बाबा परत यायच्या वेळचं.

टाउनोने हात अर्धा वर केला होता. इर्याने हात केला. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती बघत होती स्टीअरिंगमागच्या माणसाकडे, जिथे तिचा नवरा नेहमी बसायचा.

टाउनोचा हात खाली आला आणि पावाच्या पुरचुंडीवर विसावला.

"हात कर तिला," तो म्हणाला.

"बाबा..."

"कर. वाट बघतेय ती."

रित्वाने स्टीअरिंगवरचा हात उचलला आणि काचेतून आईला हात केला.