न दुखलेला गुडघा

ब्लँचफील्ड कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आजवर तीनदा बाउल सामन्याला गेला आणि तिन्ही वेळा हरून आला. तरी गावाला त्याचा कोण अभिमान! हंगाम संपला की दक्षिणेकडच्या ऊबदार शहरांतून मोजक्याच संघांना या सामन्यांचं बोलावणं येतं. ओहायोच्या मक्याच्या शेतांत वसलेल्या एवढ्याशा कॉलेजला ते तीनदा आलं, ही काय थोडी गोष्ट झाली? दुसऱ्या बाउलात पार धुव्वा उडाला, तिसरा चिखलात गेला. त्या दोन्हींबद्दल कुणी फारसं बोलत नसे. बोलत ते पहिल्याबद्दल. एकोणीसशे एकोणपन्नासचा पहिला दिवस, लॅगून बाउल, तेरा-बारा असा एका गुणाने पराभव. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, रोटरीच्या जेवणात गाव तो सामना पुन्हा पुन्हा खेळायचं, आणि दर वेळी कुणीतरी सुस्कारा सोडून म्हणायचं, "पेटिफर्डचा गुडघा ऐन वेळी गेला नसता तर..."

लुशियस पेटिफर्डचा गुडघा त्या दिवशी ठणठणीत होता.

पुढे तो डेटनच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायला लागला, तिथूनच निवृत्त झाला, पण गुडघ्याने त्याची पाठ सोडली नाही. बँकेच्या रांगेत, कुणाच्या लग्नात, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलेला असताना, ब्लँचफील्डचा कुणी ना कुणी भेटायचा आणि हळहळत विचारायचा, "आता बरा आहे ना गुडघा?" सुरुवातीला लुशियस खरं काय ते सांगायचा. समोरचा माणूस मान हलवायचा, याच्या मनात अजून अढी आहे अशा नजरेने बघायचा आणि विषय बदलायचा. शेवटी त्याने सांगणं सोडून दिलं. चिडणं मात्र सोडलं नाही.

त्यामुळे कॉलेजच्या क्रीडा विभागाचा प्रमुख ट्रेंट ॲशबी याचा फोन आला, तेव्हा लुशियसने आधी तो ठेवूनच दिला. ॲशबीने चिकाटीने पुन्हा केला. स्टेडियमच्या नव्या दालनात कॉलेजच्या बाउल सामन्यांचा इतिहास भिंतीवर मांडलाय, पहिल्या संघातले आता दोघेच उरलेत, तुम्ही आणि मायलो कोवारिक, मध्यंतरात तुम्हा दोघांना मैदानावर बोलावून सत्कार करायचाय, असं त्याने एका दमात सांगितलं.

"त्या दारात मी पाऊल ठेवणार नाही," लुशियसने बायकोला सांगितलं.

ऑर्लीन भेंडी चिरत होती. "नको ठेवूस. इथेच बस आणि माझ्यावर चिड. तो सामना झाला तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते, पण त्याचं सगळं मी ऐकून घ्यायचं."

"तुझ्यावर कुठे चिडतोय?"

"मग ज्यांच्यावर चिडायचं त्यांच्याकडे जा ना! ते स्वतः बोलावताहेत. मी गाडी चालवते."

ऑक्टोबरातला शनिवार होता. मैदानाबाहेर निखाऱ्यांवर सॉसेज भाजत होती, माजी विद्यार्थी मरून रंगाची जाकिटं घालून एकमेकांच्या पाठी थोपटत होते. दारावर मोठ्या अक्षरांत 'स्ट्रॉड स्टेडियम' असं लिहिलेलं. लुशियस तिथे जरा थांबला. ऑर्लीनने त्याच्या कोपराला हात लावला आणि दोघं आत गेली.

दालनात शिरताच समोर तो स्वतःच उभा होता. माणसापेक्षा मोठा फोटो, चेंडू घेऊन पळणारा वीस वर्षांचा हाफबॅक, चेंडू काखेत, एक पाय हवेत. खाली मजकूर होता: 'लुशियस पेटिफर्ड. गुडघ्याच्या दुखापतीमुळे लॅगून बाउलला मुकला. आपल्या इतिहासातलं सर्वांत मोठं दुर्दैव.'

त्याने तो दोनदा वाचला. 'गुडघा' या शब्दाची त्याला अपेक्षा होतीच. 'दुर्दैव' वाचल्यावर मात्र त्याचं डोकं भणाणलं.

दुर्दैव! बाउलचं बोलावणं आलं त्या आठवड्यात प्रशिक्षक एल्मर स्ट्रॉडने त्याला हेल्मेटं ठेवायच्या खोलीत बोलावलं होतं आणि दार लावून घेतलं होतं.

"पोरा, तिकडचे लोक तुला मैदानात उतरू देणार नाहीत. काळ्या खेळाडूबरोबर तिथे कुणी खेळत नाही. तरीही कॉलेजने होकार कळवलाय."

"मला न विचारता?"

"अशी संधी पुन्हा येत नसते," स्ट्रॉड म्हणाला आणि खिशातून बँडेजची गुंडाळी काढून त्याच्या हातात ठेवली. "हे गुडघ्याला बांध. गाडी सुटेपर्यंत जरा लंगडत चाल. पेपरवाल्यांना आम्ही सांगतो. उगाच कुणाची बदनामी नको, तुझीही नको."

"माझी कसली बदनामी?"

लुशियसने बँडेज बाकावर ठेवलं आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी गावातल्या मुख्य रस्त्याने पळायला लागला. कोर्टासमोरून, खानावळीसमोरून आणि मुद्दाम वर्तमानपत्राच्या कचेरीसमोरून. बर्फ पडलं तरी पळाला. लोक काचेतून बघत, हात करत, आणि कॉफी पिता पिता म्हणत, बिचाऱ्याचा गुडघा गेला हो. गाडी सुटायच्या दिवशी बँड वाजत होता, सगळं गाव स्टेशनात लोटलं होतं. गाडी हलली तसा लुशियस तिच्या बरोबरीने पळत सुटला. खिडक्यांमागे त्याच्या मित्रांचे चेहरे होते. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत तो पळाला, अगदी जीव खाऊन, हंगामात कधी पळाला नव्हता तसा. टोकाला वार्ताहर उभा होता. त्याने सिगारेट पेटवली आणि दुसरीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, सुजलेल्या गुडघ्याने पेटिफर्डने साश्रू निरोप दिला.

दक्षिणेतल्या त्या लोकांकडून लुशियसने वेगळ्या वागणुकीची आशा कधी केलीच नव्हती. ते जसे होते तसे उघड होते. पण ज्यांच्यासाठी त्याने हंगामभर हाडं मोडून घेतली, त्यांनी त्याला मागे ठेवलं ते ठेवलं, वर त्याच्याच पायावर खापर फोडलं!

"पेटिफर्ड सर! आलात, फार बरं वाटलं." ॲशबी हात पुढे करून आला. चाळिशीचा, चुणचुणीत, चेहऱ्यावर हसू. "कसा वाटला फोटो?"

"फोटो माझाच आहे. खालचा मजकूर कुणाचा?"

ॲशबीने मजकुराकडे पाहिलं. "त्या वेळच्या वर्तमानपत्रांत तसंच आहे, सर."

"वर्तमानपत्राला कुणी सांगितलं?" लुशियसने विचारलं, आणि मग हेल्मेटांच्या खोलीत काय घडलं ते सगळं त्याला सांगितलं. आवाज चढवला नाही. वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर पुन्हा मांडून दाखवायचा तसं, एकेक पायरी. ॲशबीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"हे मला खरंच ठाऊक नव्हतं. फार वाईट झालं. आपण बदलू हे. असं लिहू, 'तत्कालीन परिस्थितीमुळे सहभागी होऊ शकला नाही.' कसं वाटतं?"

"परिस्थितीने माझ्या हातात बँडेज नव्हतं ठेवलं. एल्मर स्ट्रॉडने ठेवलं होतं."

"सर, ते नाव... स्टेडियमच त्यांच्या नावाचं आहे."

"ठाऊक आहे. वाचूनच आत आलोय."

"आज एवढी मंडळी जमलीत. सत्कार होऊन जाऊ दे, मग निवांत बसून बोलू."

"मी मैदानावर येणार नाही," लुशियस म्हणाला. "इथेच थांबतो. वाचायला जो येईल त्याला खरं सांगतो. तुमच्या मजकुरापेक्षा माझं सांगणं थोडं लांब आहे, एवढंच."

ॲशबीने मदतीसाठी ऑर्लीनकडे बघितलं. ती म्हणाली, "खुर्ची मिळेल का? बराच वेळ लागणार आहे." खुर्ची येईना, तेव्हा तिने टोप्या विकणाऱ्या बाईकडची घडीची खुर्ची स्वतः उचलून आणली आणि फोटोखाली उघडली.

बाहेर सामना सुरू झाला. दालनात लोक येत-जात होते, कुणी कॉफीला, कुणी ऊन चुकवायला. फोटोजवळ कुणी थांबलं की लुशियस म्हणायचा, "तो मी आहे. आणि खाली लिहिलंय ते खोटं आहे." काही जण चटकन पुढे सटकले. काही थांबले. एक बाई सगळं ऐकून घेऊन त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला बघून आणखी चारजण थांबले.

तेवढ्यात मायलो कोवारिकला त्याच्या मुलीने चाकांच्या खुर्चीतून आणलं. त्या संघाचे डाव रचणारा क्वार्टरबॅक, क्लीव्हलंडच्या एका चेक खाटकाचा मुलगा. एके काळी दरवाजात मावत नसे, आता शाल पांघरून बसला होता.

"लूश! लेका, तुझे केस कुठे गेले?"

"तुझ्या पायांबरोबर," लुशियस म्हणाला, पण हसला नाही. "हे वाच."

मायलोने मान वर करून वाचलं. "आम्हाला स्ट्रॉडने सांगितलं होतं, तूच म्हणालास म्हणून. 'माझ्यावाचून जा, जिंकून या.'"

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"वाटून घेतलं."

"मी गाडीबरोबर पळत होतो तेव्हा? तेव्हा काय वाटून घेतलंस?"

मायलोने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पत्ते वाटले होते. मी पत्ते बघत बसलो."

लुशियसला वाटलं, हा रडेल, आणि रडला तर आपल्याला त्याचं सांत्वन करावं लागेल. त्या विचारानेच त्याला संताप आला. पण मायलो रडला नाही.

मध्यंतर झालं. ध्वनिक्षेपकावरून दोघांची नावं पुकारली गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, नावं पुन्हा पुकारली गेली. ॲशबी धावत आला. "कोवारिक सर, निदान तुम्ही तरी चला."

"मला इथेच राहू दे," मायलो म्हणाला.

दालनात आता गर्दी झाली होती. तिच्यातून साठीचा एक भारदस्त माणूस पुढे आला. संघातल्या वेंडेल हॅस्कलचा मुलगा असल्याचं त्याने सांगितलं. "पेटिफर्ड सर, तुमचा मान ठेवून बोलतो. माझे वडील कायम सांगायचे, त्यांनी तुमच्या पायाचं बँडेज स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ते खोटं बोलणारे नव्हते. इतक्या वर्षांनी गेलेल्या माणसांवर असे आरोप करणं बरं दिसत नाही."

लुशियस खुर्चीतून उठला. पण तो बोलायच्या आत मायलोचा आवाज आला, म्हातारा, घोगरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"तुझा बाप गाडीत माझ्या शेजारी बसला होता. खिडकीकडे तो होता. हा माणूस आमच्या डब्याला मागे टाकून पळत होता, ते तुझ्या बापाने बघितलं आणि पडदा ओढून घेतला. बँडेज कुणाच्याच पायाला नव्हतं."

हॅस्कलचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी पुटपुटला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. ती भिंतीला टेकलेली बाई ॲशबीला म्हणाली, "अजून कसली वाट बघताय? काढा ते."

ॲशबीने टोप्यांच्या टेबलावरचा मरून रंगाचा कपडा आणला आणि मजकुरावर लावला.

निघताना मायलो म्हणाला, "लूश, आज तरी बोललो ना."

"हो, बोललास," लुशियस म्हणाला. "तेव्हा बोलला असतास तर मी तुझा मित्र झालो असतो." त्याने मायलोच्या खांद्यावर हात ठेवला, काढून घेतला आणि ऑर्लीनबरोबर गाडीकडे गेला.

हिवाळाभर ॲशबीचे फोन येत राहिले. विश्वस्तांना 'वर्णभेद' हा शब्द चालणार होता, स्ट्रॉडचं नाव चालणार नव्हतं. "मग माझा फोटो उतरवा," लुशियसने सांगितलं. विश्वस्तांना फोटोही हवा होता. मग 'काहींच्या निर्णयामुळे' आलं. "काही कोण? त्यांना नावं नव्हती? माझं तर ठळक छापलंयत!" एकदा ॲशबी वैतागून म्हणाला, "सर, तुम्हाला नेमकं काय हवंय?" लुशियस म्हणाला, "जे झालं ते. याहून सोपं काय मागू?" मधल्या काळात मायलोने आपलं म्हणणं सहीनिशी विश्वस्तांकडे पाठवलं होतं, हे त्याला ॲशबीकडूनच कळलं. मायलोने स्वतः कळवलं नव्हतं.

एप्रिलात ॲशबीने नवा मजकूर फोनवर वाचून दाखवला: 'लॅगून बाउलच्या आयोजकांनी काळा खेळाडू नाकारला. कॉलेजने ती अट मान्य करून लुशियस पेटिफर्डला मागे ठेवलं. प्रशिक्षक एल्मर स्ट्रॉड यांनी त्याला दुखापतीचं सोंग करायला सांगितलं. त्याने नकार दिला. कॉलेज तरीही तेच खोटं सांगत राहिलं.'

"पुन्हा वाचा," लुशियस म्हणाला. ॲशबीने पुन्हा वाचला.

"चालेल," असं म्हणून लुशियसने फोन ठेवला.

ऑर्लीन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. "झालं आता समाधान?"

"कसलं समाधान? पाच वाक्यं लिहायला या लोकांना जन्म गेला. आणि त्या ॲशबीला वाटतं, मी आभार मानावेत!"

"मानलेस?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि जेवायला वाढायला आत गेली.