ओट्यावरचा पाक

माझा पांढरा ओटा चिक्कीनं घालवला. लोणावळ्याबाहेर कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

माझे सासरे सोपानआबा. त्यांचा सारा जन्म लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात गेला. उकळता पाक तेल लावलेल्या काळ्या दगडी लादीवर ओतायचा आणि निवायच्या आत लाटायचा, हे त्यांच्या हातांना झोपेतही जमेल. कुसगावात आम्ही घर बांधलं तेव्हा मी नवऱ्याच्या, संदेशच्या, नाकी नऊ आणून पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा करून घेतला. संक्रांत जवळ आली होती, आम्ही दोघंही कामावर. सुनेला खूश करावं म्हणून आबांनी घरीच चिक्की करायला घेतली. त्यांच्या लेखी दगड म्हणजे दगड. पण हा कारखान्यात रसायनं घालून बनवलेला दगड, त्याला उकळता पाक कुठला सोसतोय! आबांनी तेल लावलं, पाक ओतला आणि ओटा तडकला. मोठा तडा गेला आणि भोवती पिवळा डाग पडला.

मी घरी आले, पाहिलं आणि तोंड सोडलं. "आबा, घर आहे हे, कारखाना नाही!" माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. त्या दिवसापासून आबा स्वयंपाकघरात येईनासे झाले. पाणी हवं असलं तरी उंबऱ्याशी उभं राहून मागायचे, पाहुण्यासारखे. एकदा जेवताना म्हणाले, "संक्रांत झाली की भिकाजीकडं जाईन म्हन्तो. गावाकडं बरं वाटतं." भिकाजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. गावाकडे आबांना मुळीच बरं वाटत नाही, तिथं गेले की लगेच कंटाळतात. खरंच गेले तर ते परत यायचे नाहीत, अशी मला धास्ती वाटू लागली. पण ओट्याकडे नजर गेली की पुन्हा डोकं फिरायचं.

तशात संदेशला घराच्या विम्याची आठवण झाली. त्यात अपघाती नुकसानही धरलेलं होतं. विमा उतरवून देणारा प्रदीप त्याचा वर्गमित्र. त्यानं येऊन तडा पाहिला आणि मान हलवली.

"वहिनी, आपल्याच हातानं पाक ओतला म्हटलं तर कंपनी फाटे फोडेल. तापलेला कुकर हातातून निसटला म्हणा. पाहणीला साहेब येतील, तेव्हा घरात जो होता त्यालाच ते विचारतील. आबा, तुम्ही एवढं एकच वाक्य बोला."

"बोलंन की," आबा उंबऱ्यावरून म्हणाले. "चूक माजीच हाय."

मी त्यांना अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला ओटा परत हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर खिडकीतून आबांचा आवाज आला. आरशासमोर टोपी नीट करत त्यांचं पाठांतर चाललं होतं. "सायेब, कुकर निसाटला." मग जरा थांबून, "सायेब, कुकर लय गरम व्हता, निसाटला." पुन्हा थांबले. आणि मग हळूच म्हणाले, "न्हाई ओ सायेब. पाक वतला मी. सुनंसाठी चिक्की करत व्हतो. मला वाटलं, दगड हाय."

ओला टॉवेल माझ्या हातात तसाच राहिला. मला रडू आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. माझ्या ओट्यासाठी हा म्हातारा खोटं बोलायला शिकत होता, आणि त्याला ते काही केल्या येत नव्हतं.

मी प्रदीपला फोन लावला. "खरं सांगून क्लेम करता येईल का?"

"येईल की. पण मिळेलच असं नाही. आणि आबांना सगळं खोदून खोदून विचारतील."

म्हणजे कुणी परका माणूस आबांना विचारणार, ओट्यावर पाक कशाला ओतला म्हणून. ते तर माझं आधीच विचारून झालं होतं, तेही ओरडून.

"राहू दे मग," मी म्हणाले. "नको आपल्याला तो क्लेम."

फोन ठेवला आणि एकदम हलकं वाटलं. संदेश कपाळाला हात लावून बसला. म्हटलं, बसू दे.

रविवारी मी आबांना सोमाटण्याला दगडाच्या दुकानात नेलं. तडकलेला तेवढा भाग कापून काढायचा आणि तिथं काळा दगड बसवायचा, असं मी ठरवलं होतं.

"तुम्हीच निवडा, आबा."

"मला काय कळतंय? त्योबी दगडच व्हता."

"पाक तुम्हीच ओतणार ना? मग दुकानदाराला विचारून घ्या."

आबांनी विचारलं, आणि असं विचारलं की दुकानदार रडकुंडीला आला. "उकळता पाक वतला तर चालंल न्हवं? नक्की?"

दगड बसला. पांढऱ्यात काळा. शेजारची सारिका म्हणाली, गोऱ्या गालाला तीट लावल्यासारखा दिसतोय. त्या संध्याकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा आबा उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"चिक्कीला गूळ आणून ठेवलाय," मी म्हणाले.

ते जरा घुटमळले, मग आत आले. डबा उघडून त्यांनी गुळाचा खडा जिभेवर ठेवला आणि माझ्यावर खेकसले, "असला गूळ अस्तो व्हय चिक्कीला? खारट हाय निस्ता. कुनी आनला ह्यो?"

"मीच." इतक्या आनंदानं मी आजवर कधी बोलणी खाल्ली नव्हती. "उद्या तुम्हीच आणा. आणि भिकाजीकाकांना कळवून टाका, येत नाही म्हणून."

"त्याला सांगितलंच कुटं व्हतं," आबा म्हणाले आणि कढई शोधायला लागले.