पुसू नये

मी फळा बोलतोय म्हटलं की तुम्ही लगेच ओळखणार, ही चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तू माणसासारखी बोलू-वागू लागली की तो हा अलंकार, हे माझ्याच अंगावर लिहून शिकवलंय. तेव्हा मला अलंकारांची नावं सांगू नका. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

अकोटच्या एका सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि संत्र्यांच्या रिकाम्या परतणाऱ्या गाडीतून मी शेंदूरजनाघाटजवळच्या या शाळेत आलो. दर शनिवारी पोरं कोळसा आणि माक्याचा पाला घासून मला काळाकुट्ट करत. बोलणाऱ्यांची नावं माझ्यावर, सुविचार माझ्यावर, साहेब येणार असले की त्यांचं स्वागतही माझ्यावरच. हेडमास्तर पाहुण्यांना सांगत, "आमची शाळा म्हणजे नंदनवन." हे झालं रूपक. वरून छप्पर गळत असायचं, ते साधं वाक्य.

गेल्या हिवाळ्यात कौशल्याबाई आठवीला अलंकार शिकवत होत्या. बाई अकोल्याच्या, भारी हौशी. पुस्तकातली उदाहरणं त्यांना चालत नसत. "आपल्या घरातलं, शेतातलं सांगा," म्हणायच्या. चेतनगुणोक्तीची वेळ आली तसा नितेश उठला.

"आमची यष्टी घाटात रडते, बाई!"

वर्ग खिदळला. मग आरतीनं खडू घेतला. ही मागच्या बाकावरची, फारसं न बोलणारी. तिनं लिहिलं, 'विहीर माझ्या आईला हाका मारते.'

बाई हरखून गेल्या. "वा! याला म्हणतात कल्पना." साऱ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पिवळ्या खडूनं वाक्याभोवती चौकट आखली आणि खाली लिहिलं, 'पुसू नये'. शाळेत या दोन शब्दांचा दरारा मोठा. त्या कोपऱ्याला मग मॉनिटरही हात लावत नाही.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा आरती माझ्याकडे तोंड करून उभी होती. तिचा चेहरा फक्त मला दिसत होता, आणि त्यावर आनंद नव्हता.

तिच्या घरचं सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात तिचा तान्हा भाऊ तापानं गेला. वडील, योगेश, संत्र्यांच्या गाड्यांबरोबर सतत बाहेरगावी. संत्र्यांच्या बागेतल्या घरात आई साधना दिवसभर एकटी. आरती मधल्या सुट्टीत धावत घरी जायची आणि धापा टाकत उशिरा वर्गात यायची. बाई रागवायच्या, "खिचडी टाकून रोज घरी कशाला पळतेस गं?" ती मान खाली घालायची. तिच्या चेहऱ्यावरून मला सारं कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. माझा नुसता जीव तुटायचा.

पुढच्या तासाला बाईंनी उलटा अभ्यास दिला. आपापल्या वाक्यातला अलंकार काढून टाका आणि साधं वाक्य करा. नितेशनं झटक्यात केलं, "यष्टीचं इंजिन जुनं झालं हाये." आरतीनं मात्र चौकटीखाली तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

"अगं, हे तर तेच झालं. साधं कर ना."

"साधंच हाये, बाई. माय म्हणते तसंच लिवलं. भांडे घासता घासता थांबते अन् म्हणते, आरती, विहीर मले हाका मारून रायली."

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. बाईंनी खडू ठेवला आणि तिच्याजवळ आल्या.

"कधीपासून म्हणते?"

"बाळ गेल्यापासून. म्हणून तं सुट्टीत पाहाले जाते मी."

बाईंनी रजेचा अर्ज दिला नाही की कोणाला विचारलं नाही. आरतीला स्कूटीवर मागे बसवलं आणि गेल्या. वर्ग तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच त्यांनी हेडमास्तरांना सारं सांगितलं. साधना विहिरीच्या काठावर बसली होती. चपला बाजूला नीट काढून ठेवलेल्या. बाईंनी लांबूनच हाक मारली, "साधनाताई!" आणि तिनं मागे वळून पाहिलं.

"सर, मी टाळ्या वाजवायला लावल्या हो," एवढं म्हणून बाई माझ्याकडे पाठ करून रडल्या.

आता साधनाची बहीण येऊन राहिली आहे, अमरावतीला औषधोपचार चालू आहेत, विहिरीवर जाळी बसली आहे. पण सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. मध्यंतरी साधना शाळेत आली. बराच वेळ मला वाचत उभी राहिली. "हे मी म्हटलं होतं?" तिनं हळूच विचारलं आणि पदरानं दोन्ही ओळी पुसून टाकल्या. पिवळी चौकट तेवढी राहिली. आत काही नाही आणि खाली 'पुसू नये'.

आता वर्गात पांढरा बोर्ड आलाय आणि मी व्हरांड्यात भिंतीला टेकून आहे. तिरपं ऊन पडलं की ती पुसलेली अक्षरं अजून दिसतात. आरतीलाही दिसत असावीत. ती अजून मधल्या सुट्टीत घरी धावते. बाई आता रागवत नाहीत, ती परत येईपर्यंत फाटकात उभ्या असतात.

मी बोललो हा अलंकारच समजा, माझी हरकत नाही. पण एखादं लेकरू असं काही बोललं, तर टाळ्या वाजवू नका. आधी त्याच्या घरी जाऊन या.